दलीप सिंग सौंद : परका ठरवलेला माणूस न्यायाधीश होतो

जन्म : २० सप्टेंबर १८९९, छज्जलवड्डी, जिल्हा अमृतसर (पंजाब)
मृत्यू : २२ एप्रिल १९७३, कॅलिफोर्निया, अमेरिका
ओळख : अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेलेले पहिले आशियाई वंशाचे सदस्य

विद्यार्थी मित्रांनो, समजा एखादा माणूस दुसऱ्या देशात जाऊन राहिला. त्या देशाचा कायदा वर्षानुवर्षं त्याला सांगत राहिला, की तू इथला नाहीस आणि कधी होणारही नाहीस. पुढं कायदा बदलला आणि तो माणूस रीतसर नागरिक झाला. आता त्याच देशात, लोकांनी कायदा पाळावा म्हणून नेमलेल्या खुर्चीवर त्याला बसता येईल का? पोलीस, न्यायाधीश, खासदार होता येईल का? की मागचा इतिहास कायम आडवा येईल?

परदेशात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांना हा प्रश्न आजही पडतो. या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात फार चांगलं सापडतं. आज आपण त्यांची ओळख करून घेणार आहोत. त्यांचं नाव दलीप सिंग सौंद.

बालपण आणि शिक्षण

दलीप सिंग यांचा जन्म पंजाबातल्या एका शीख शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती चांगली होती. वडील आणि चुलते सरकारी ठेकेदारीही करत. आईवडिलांना मात्र शाळेचं शिक्षण मिळालेलं नव्हतं. आपल्याला जे मिळालं नाही ते मुलांना मिळावं, ही त्यांची तळमळ होती. दलीप लहान असतानाच वडील वारले, तरी त्यांचं शिक्षण थांबलं नाही. जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात ते शिकले आणि १९१९ मध्ये पंजाब विद्यापीठाची गणित विषयातली पदवी त्यांनी मिळवली.

१९१९ साल म्हणजे जालियनवाला बागेचं साल. अमृतसर तर त्यांचाच जिल्हा. तरुण दलीप सिंग गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले होते. दुसरीकडे अब्राहम लिंकन यांच्याविषयी आणि अमेरिकेतल्या लोकशाहीविषयी त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. तो देश एकदा बघायचाच, असं त्यांनी ठरवलं.

घरच्यांना त्यांनी सांगितलं, की अमेरिकेत जाऊन फळं टिकवण्याचं आणि डबाबंद करण्याचं शास्त्र शिकतो आणि परत येतो. आपल्याकडे आंबा पिकतो, पण उन्हाळा संपला की संपला. तो डब्यात भरून टिकवता आला तर केवढा उद्योग उभा राहील! विचार अगदी व्यवहारी होता. घरच्यांनी परवानगी दिली आणि १९२० मध्ये ते बोटीनं न्यूयॉर्कला पोहोचले.

बर्कलेचे दिवस

त्या काळी भारतातून अमेरिकेत जाणं सोपं नव्हतं. १९१७ च्या कायद्यानं आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्या मजुरांना बंदी घातली होती. विद्यार्थ्यांना मात्र सवलत होती. दलीप सिंग याच वाटेनं आत आले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत त्यांनी प्रवेश घेतला. राहायला शीख समाजानं भारतीय विद्यार्थ्यांसाठी चालवलेलं वसतिगृह होतं. सुट्टीत ते फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत काम करत. पण मन पुन्हा गणिताकडे वळलं. १९२२ मध्ये त्यांनी गणितात एम.ए. केलं आणि १९२४ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढं ओळखीचे लोक त्यांना प्रेमानं डॉक म्हणत, ते या डॉक्टरेटमुळं.

आता प्रश्न आला, पुढं काय? अमेरिकेच्या नामांकित विद्यापीठाची डॉक्टरेट हातात होती. शिकवण्याची नोकरी सहज मिळायला हवी होती. पण मध्येच एक मोठी भिंत उभी राहिली होती.

१९२३ चा निकाल

मित्रांनो, हा भाग नीट समजून घ्या.

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसांना नागरिक होता येत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग भारतीय माणूस कुठं बसणार? काही न्यायालयांनी भारतीयांना नागरिकत्व दिलं होतं, काहींनी नाकारलं होतं.

भगतसिंग थिंद नावाचे एक शीख गृहस्थ होते. (आपले हुतात्मा भगतसिंग वेगळे.) पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांना नागरिकत्व मिळालं, सरकारनं हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये निकाल लागला. सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो, त्या अर्थानं भारतीय गोरे नाहीत, म्हणून ते नागरिक होऊ शकत नाहीत, असं न्यायालयानं ठरवलं.

या निकालाचा फटका नव्या अर्जदारांपुरता राहिला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, अशा भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकारनं सुरुवात केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावरही सरकारनं दावा लावला. पंडितांनी तो नेटानं लढवला आणि जिंकला. पण सगळ्यांना असं यश मिळालं नाही.

दलीप सिंग यांनी कुठलाही गुन्हा केलेला नव्हता. तरीही कायद्याच्या भाषेत ते नागरिकत्वास अपात्र परके ठरले. हा शिक्का पुढची तेवीस वर्षं त्यांच्यावर राहणार होता.

डॉक्टरेट घेतलेला मुकादम

१९२५ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, इम्पीरियल व्हॅलीत आले. हा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. मुळात वाळवंट, पण कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणल्यामुळं शेती फुलली होती. उन्हाळा इतका कडक, की आपला विदर्भातला मे महिना आठवावा. पुष्कळ पंजाबी शेतकरी तिथं आधीपासून राबत होते.

गणिताचा हा डॉक्टर कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला. नंतर त्यांनी स्वतःची शेती सुरू केली. लेट्यूस, बीट, लसूणघास अशी पिकं घेतली. पण इथंही कायदा आडवा होताच. कॅलिफोर्नियात १९१३ आणि १९२० साली झालेल्या जमीन कायद्यांमुळं नागरिकत्वास अपात्र लोकांना शेतजमीन स्वतःच्या नावावर घेता येत नसे, आणि नंतर तर खंडानंही घेता येईना. मग भारतीय शेतकरी एखाद्या विश्वासू अमेरिकन मित्राच्या नावावर जमीन घेऊन कसत. घाम आपला, नाव दुसऱ्याचं!

१९२८ मध्ये त्यांनी मॅरियन कोसा यांच्याशी लग्न केलं. मॅरियन यांचं कुटुंब चेक वंशाचं. त्या काळी अमेरिकेत असाही कायदा होता, की नागरिक असलेल्या बाईनं नागरिकत्वास अपात्र परक्याशी लग्न केलं तर तिचंही नागरिकत्व जाई. १९३१ मध्ये हे कलम रद्द झालं. म्हणजे बघा, नवऱ्यावरचा शिक्का बायकोच्याही माथी मारला जात होता. तरीही हा संसार उभा राहिला. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली झाल्या.

पुढं जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. सौंद यांच्यावर मोठं कर्ज झालं. दिवाळं जाहीर करून मोकळं होण्याचा मार्ग कायद्यानं खुला होता आणि अनेकांनी तो घेतलाही. सौंद यांनी तो घेतला नाही. त्यांनी वर्षानुवर्षं राबून कर्ज फेडलं. गावातल्या लोकांनी हे पाहिलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

कायदा बदलण्याची लढाई

सौंद शेती करत होते, पण गप्प बसले नव्हते. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेनं मदर इंडिया हे पुस्तक लिहून भारताची बदनामी केली होती. त्याला उत्तर म्हणून सौंद यांनी १९३० मध्ये माय मदर इंडिया हे पुस्तक लिहिलं. ते गावोगावी भाषणं देत आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू अमेरिकन श्रोत्यांसमोर मांडत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी आणि इतर भारतीयांनी नागरिकत्वाच्या हक्काची मागणी जोरानं पुढं नेली. इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. तिकडे पूर्व किनाऱ्यावर जे. जे. सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंडिया लीग ऑफ अमेरिका हेच काम करत होती. ज्यांना मतदानाचा हक्कच नाही, त्यांचं ऐकायला पुढारी कशाला वेळ देतील? तरीही ही माणसं चिकाटीनं भेटीगाठी घेत राहिली.

अखेर काँग्रेस सदस्य क्लेअर बूथ लूस आणि इमॅन्युएल सेलर यांनी मांडलेलं विधेयक मंजूर झालं. २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. वर्षाला फक्त १०० भारतीयांना येऊन स्थायिक होण्याची परवानगी मिळाली. आकडा अगदी किरकोळ. पण त्यासोबत भारतीयांना अमेरिकेचं नागरिक होण्याचा हक्क मिळाला, हे मोठं काम झालं.

१६ डिसेंबर १९४९ रोजी दलीप सिंग सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. अमेरिकेत पाऊल ठेवून २९ वर्षं झाली होती. वय पन्नास.

जिंकूनही खुर्ची नाही

पन्नाशीत माणूस म्हणतो, झालं तेवढं पुरे. सौंद यांनी मात्र पुढच्याच वर्षी निवडणूक लढवली. पद होतं वेस्टमोरलँड गावच्या जस्टिस ऑफ द पीसचं.

हे नाव आपल्याला अगदी अनोळखी नाही. इंग्रजांच्या काळात मुंबईत जे. पी. म्हणजे जस्टिस ऑफ द पीस नेमले जात. नाना शंकरशेट हे त्यातल्या सुरुवातीच्या भारतीयांपैकी एक. सौंद यांच्या काळातल्या कॅलिफोर्नियात मात्र हे पद लोक मतदानानं भरत. किरकोळ गुन्हे, वाहतुकीचे खटले, लहानसहान पैशांचे वाद या न्यायाधीशासमोर येत. पोलिसांनी पकडलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा त्याच्याच समोर उभा राहत असे. थोडक्यात, गावातला कायदा लोकांना दिसतो तो याच ठिकाणी.

१९५० च्या निवडणुकीत सौंद निवडून आले. पण आनंद फार टिकला नाही. निवडून येताना उमेदवाराला नागरिक होऊन किमान एक वर्ष झालेलं असावं, अशी अट होती. सौंद यांना नागरिक होऊन तेव्हा वर्ष भरलेलं नव्हतं. त्यांना पद नाकारण्यात आलं.

विचार करा, काय वाटलं असेल? तीस वर्षं याच मातीत काढली. लोकांनी मतं दिली. आणि आडवं काय आलं, तर कॅलेंडर! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, या देशात आपल्यासाठी जागाच नाही.

पण १९२३ चा अडथळा आणि १९५० चा अडथळा यांत फरक होता. पहिला अडथळा माणसाच्या जन्मावर बोट ठेवत होता. तो कितीही थांबलं तरी सुटणारा नव्हता, म्हणून त्याच्याशी लढावं लागलं. दुसरा अडथळा मुदतीचा होता. तो थांबल्यावर आपोआप सुटणार होता. सौंद यांनी ते ओळखलं. पुढच्या निवडणुकीला ते पुन्हा उभे राहिले.

या वेळी काही जणांनी त्यांच्या धर्माची आणि वंशाची टिंगल केली. गावातल्या हॉटेलात एकानं चारचौघांत विचारलं, की तुम्ही निवडून आलात तर कोर्टात यायला आम्हाला पगडी तुम्ही देणार, की आम्हीच विकत घ्यायची? सौंद चिडले नाहीत. डोक्यावर काय आहे याच्याशी मला देणंघेणं नाही, डोक्यात काय आहे ते मी बघतो, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी हसत दिलं. ऐकणारे खूश झाले.

१९५२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. या वेळी खुर्ची मिळाली. ज्यानं पडत्या काळातही लोकांचे पैसे बुडवले नाहीत, त्याच्या हाती न्याय द्यायला गावाला भीती वाटली नाही.

न्यायाधीश सौंद

सौंद यांच्याकडे वकिलीची पदवी नव्हती. या पदासाठी तेव्हा ती लागतही नसे. आपलं काम त्यांनी मेहनतीनं समजून घेतलं. वेस्टमोरलँड गाव लहान, पण जुगार, वेश्याव्यवसाय आणि अमली पदार्थ यांमुळं त्याचं नाव खराब झालेलं होतं. पोलिसांनी पकडायचं आणि कोर्टानं थोडक्यात सोडायचं, असं चाललं तर पोलीस तरी काय करणार? सौंद यांनी अशा प्रकरणांत कडक भूमिका घेतली आणि पोलिसांच्या कामाला बळ दिलं. गावातले हे धंदे हटवणारा न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव झालं.

चार वर्षं त्यांनी हे काम केलं. ज्याला कायद्यानं शेताचा कागदही स्वतःच्या नावावर करू दिला नव्हता, तोच आता कायद्याच्या नावानं निकालावर सही करत होता.

अठरा दिवसांचा हिशेब

१९५६ मध्ये सौंद डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहासाठी, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहासाठी उभे राहिले. पुन्हा तीच अडचण आली. राज्यघटनेनुसार या सभागृहाच्या सदस्याला नागरिक होऊन सात वर्षं झालेली असली पाहिजेत. पक्षातल्याच एका प्रतिस्पर्ध्यानं न्यायालयात धाव घेतली, की सौंद अपात्र आहेत.

मित्रांनो, हे गणित तुम्हीच करून बघा. नागरिकत्वाची तारीख १६ डिसेंबर १९४९. सात वर्षं पूर्ण होणार १६ डिसेंबर १९५६ ला. नव्या सभागृहाची मुदत सुरू होणार ३ जानेवारी १९५७ ला. म्हणजे हातात होते १८ दिवस! न्यायालयानं हरकत फेटाळली. गणिताच्या डॉक्टरचं गणित बरोबर निघालं.

निवडणुकीत समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीपेक्षा जास्त वेगानं विमान चालवणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही त्यांच्याकडे. त्या वर्षी अध्यक्षपदही त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या आयझेनहॉवर यांनी मोठ्या फरकानं जिंकलं. सौंद आणि त्यांचं अख्खं कुटुंब मतदारसंघात घरोघर फिरलं आणि ते थोड्या मतांनी निवडून आले.

ते परराष्ट्र व्यवहार समितीचे सदस्य झाले. १९५७ मध्ये भारतात आले तेव्हा त्यांचं मोठं स्वागत झालं. १९५८ आणि १९६० मध्येही ते निवडून आले. मे १९६२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. प्रचार करता आला नाही आणि त्या वर्षीची निवडणूक ते हरले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला इथल्या टपाल कार्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

आज काय परिस्थिती आहे?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत आज बाहेरून येऊन नागरिक झालेल्या माणसाला पोलीस, शेरीफ, न्यायाधीश, एफबीआयचा अधिकारी, खासदार होता येतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन पदांसाठीच जन्मानं नागरिक असण्याची अट आहे. काही राज्यांत तर आता पोलीस होण्यासाठी नागरिकत्वही लागत नाही. खुद्द कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२३ पासून ती अट काढून टाकली. कायदेशीररीत्या काम करण्याची परवानगी असली की पुरे.

मात्र अशा नोकऱ्यांत उमेदवाराची पूर्वीची सगळी माहिती बारकाईनं तपासली जाते. व्हिसाची मुदत उलटून राहणं, जुना नाकारलेला अर्ज, अशा गोष्टी त्यात निघतात. त्यांचा परिणाम काय होईल ते प्रत्येक प्रकरणावर अवलंबून असतं. पण माहिती लपवली किंवा खोटी दिली, तर नोकरी जातेच. नागरिकत्वाच्या अर्जातलं खोटं उघड झालं, तर मिळालेलं नागरिकत्वही रद्द होऊ शकतं. म्हणून जुनी अडचण असेल तर ती कागदोपत्री स्पष्ट सांगणं आणि जाणकार वकिलाचा सल्ला घेणं, हाच शहाणपणाचा मार्ग.

सौंद यांच्या आयुष्यात झाकण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या प्रत्येक अडथळ्याची तारीख, कलम, निकाल सगळ्यांना माहीत होतं. अन्यायाचा कायदा होता तो बदलायला ते झटले, नियमाची मुदत होती ती त्यांनी पाळली, आणि मधल्या काळात शेजाऱ्यांचा विश्वास कमावला. गावानं त्यांना न्यायाधीश केलं ते या विश्वासावर.

विचार करा आणि वहीत लिहा

१. थिंद निकालाचा सौंद यांच्या आयुष्यावर कोणकोणता परिणाम झाला?
२. १९५० मध्ये निवडून येऊनही सौंद यांना पद का मिळालं नाही?
३. कोणता नियम पाळावा आणि कोणता बदलण्यासाठी लढावं, हे तुम्ही कसं ठरवाल? तुमच्या परिसरातलं एक उदाहरण द्या.